आजी कोल्हापूरला येतेय: तिला कुठं, कधी आणि कसं फिरवायचं

नोकरी, बदली किंवा शिक्षणाच्या निमित्तानं कोल्हापुरात घर मांडलं की थोड्याच दिवसांत गावाकडून फोन येतो, "मला एकदा अंबाबाईला आणा रे." नातवंडं लगेच मोबाईलवर प्रेक्षणीय स्थळांची यादी काढतात. अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, रंकाळा तलाव, न्यू पॅलेस, नरसोबाची वाडी, कणेरी मठ असं सगळं चार दिवसांत बसवतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आजीचे पाय सुजतात आणि उरलेली यादी तशीच राहते.

म्हणून आधीच एक ठरवून टाका. सकाळी एकच ठिकाण, दुपारी घरी जेवण आणि झोप, संध्याकाळी फक्त कुठंतरी निवांत बसणं. कोल्हापूर त्याला फार सोयीचं आहे. शहर लहान आहे आणि बहुतेक ठिकाणं तासाभराच्या आत येतात. पाच-सहा दिवस असतील तर या पद्धतीनं भरपूर बघून होतं, आणि आजी परत जाताना दमलेली नसते.

बोलवायचं कधी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. हवा कोरडी आणि थंड असते, गुऱ्हाळं चालू असतात, रंकाळ्यावर संध्याकाळी शाल पांघरून बसता येतं. मार्च-एप्रिलमध्ये आलीच तर सगळं फिरणं सकाळी नऊच्या आत आटपा. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची मोठी यात्रा असते. आजीची यात्रा बघायची फार इच्छा असली तरी त्या गर्दीत तिला डोंगरावर नेऊ नका, आधी किंवा नंतर आठवडाभरानं न्या.

जुलै-ऑगस्ट शक्यतो टाळा. पाऊस तर असतोच, पण खरी अडचण पुराची. 2019 आणि 2021 च्या पुरांत शहराकडे येणारे रस्ते पाण्याखाली गेले होते आणि महामार्गसुद्धा बंद पडला होता. इथली माणसं पावसाळ्यात रोज सकाळी पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघतात. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. नव्यानं आलेल्यांनीही ही सवय लावून घ्यावी. पाणी 39 फुटांकडे सरकत असेल तर आजीचं तिकीट पुढं ढकला. नरसोबाच्या वाडीला तर त्या दिवसांत नदी थेट देवळात असते.

नवरात्र आणि दसऱ्याचं आकर्षण मोठं आहे. दसरा चौकातला शाही दसरा, छत्रपती घराण्याच्या हस्ते होणारं शमीपूजन आणि मग सोनं लुटणं हे बघण्यासारखंच आहे. पण नवरात्रात अंबाबाईची दर्शनरांग फार लांब जाते. आजी दसऱ्यालाच येणार असेल तर देवीचं दर्शन दसरा होऊन गेल्यावर ठेवा.

येण्याजाण्याची तयारी

रेल्वेनं येणार असेल तर शेवटचं स्टेशन छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. कोल्हापूर हे टोक असल्यामुळे गाडी इथंच संपते, उतरायची घाई नसते. डबा रिकामा होऊ द्या आणि मग आरामात उतरवा. आरक्षण करताना आजीचं वय नीट भरा आणि खालच्या बर्थचा पर्याय निवडा. मध्यवर्ती बसस्थानक स्टेशनपासून जवळच आहे.

एसटीनं आली तर खर्च फारसा नाही. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, आणि 75 वर्षं पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास मोफत. वयाच्या पुराव्यासाठी मूळ आधार कार्ड पिशवीत वरच्या वर ठेवायला सांगा. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे. आजी बेळगाव-निपाणीकडून येत असेल तर ते लक्षात घ्या. शहरात फिरणारी महापालिकेची केएमटी बस वेगळी, तिला एसटीचे नियम लागू नाहीत.

औषधं दोन ठिकाणी ठेवा, अर्धी घरात आणि अर्धी हातातल्या पिशवीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या. सरकारी मोठा दवाखाना म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. कुणालाही "सीपीआर" म्हटलं की कळतं. रुग्णवाहिकेचा नंबर 108.

पहिला दिवस: फक्त रंकाळा

आल्या दिवशी देवळात नेऊ नका. प्रवासाचा शीण असतो. आंघोळ, जेवण, झोप होऊ द्या आणि उन्हं कलल्यावर रंकाळ्यावर घेऊन जा.

रंकाळ्याला चौपाटीची बाजू आणि संध्यामठाची बाजू असे दोन वेगळे स्वभाव आहेत. चौपाटीवर भेळ, कणसं, फुगे, घोडे आणि गोंगाट. नातवंडं लहान असतील तर ती तिकडंच ओढणार. आजीला मात्र संध्यामठाच्या बाजूला बसवा. तिथून पाण्यात शिरलेला दगडी मठ दिसतो, पलीकडं शालिनी पॅलेसचा मनोरा दिसतो आणि सूर्य तळ्यात उतरतो. कट्टा ओला किंवा गार असतो, तेव्हा एक जुनी चादर बरोबर न्या. अंधार पडला की डास येतात. त्याआधी उठायचं.

इथल्या नंदीची गोष्ट आजीला सांगायला विसरू नका. रंकाळ्याकाठचा नंदी म्हणे गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो, आणि ज्या दिवशी तो तळ्याला टेकेल त्या दिवशी प्रलय. आजीकडं तिच्या गावची अशीच एखादी गोष्ट हमखास असते. मग ती सांगू लागते, आणि पहिली संध्याकाळ त्यातच छान जाते.

अंबाबाईचं दर्शन

मन लावून नियोजन करायचं ते या दिवसाचं. आजी ज्यासाठी आलीय ते हेच आहे. हे व्यवस्थित झालं तर बाकी सगळं कमी-जास्त झालेलं चालतं.

वार बघा. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा, शनिवार-रविवार आणि शाळांच्या सुट्ट्या हे गर्दीचे दिवस. सोमवार, बुधवार किंवा गुरुवार निवडा. पहाटे देऊळ उघडल्यावरची वेळ सगळ्यात चांगली. आजी तशीही पहाटे चारला उठलेलीच असते, तिला त्याचा त्रास नाही, त्रास तुम्हाला होईल. पहाटे रस्ते मोकळे असतात, रिक्षा बरीच जवळपर्यंत जाते आणि दगडी फरशी गार असते. दुपारी तीच फरशी अशी तापते की अनवाणी पावलं टाकवत नाहीत. उशिरा जावं लागलंच तर सुती मोजे बरोबर ठेवा.

स्वतःची गाडी असेल तर ती बिंदू चौकाच्या पार्किंगला लावा. गर्दीच्या दिवशी देवळाच्या भोवती वाहनं बरीच अलीकडं अडवतात आणि गल्ल्याही अरुंद आहेत. बिंदू चौकातून भवानी मंडपामार्गे देवळात चालत जाता येतं. आजी थांबत थांबत चालेल, तेव्हा वेळ जास्तच धरा. बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकरांचे पुतळे आहेत. बाबासाहेबांचा हा पुतळा त्यांच्या हयातीत, 1950 साली उभारलेला आहे. थांबायचंच आहे तर तिथं थांबा.

चप्पल गाडीतच ठेवता आली तर उत्तम. नाहीतर स्टँडवर ठेवा आणि टोकन तुमच्या खिशात ठेवा, आजीच्या कनवटीला नको.

रांगेचं काय करायचं हे आजीला विचारून ठरवा. गाभाऱ्यासमोरच्या दर्शनाला रांग लागते. जिला तासभर उभं राहणं शक्य नाही तिच्यासाठी मुखदर्शन आहे. लांबून, पण देवी समोर दिसते आणि थोडा वेळ टेकून बघताही येतं. काही आज्यांना मुखदर्शन म्हणजे दर्शन झालंच नाही असं वाटतं. तिला तसं वाटत असेल तर वाद घालू नका. एकानं रांगेत उभं राहायचं, दुसऱ्यानं आजीला बाजूला बसवायचं, असं जमतंय का ते आधी तिथल्या सेवकांना विचारा. वयस्करांसाठी त्या दिवशी काय सोय आहे तेही तेच सांगतील. कपडे अंगभर आणि साधे असू द्या. ही सूचना आजीसाठी नसून बरोबरच्या नातवंडांसाठी आहे.

गाभाऱ्यापुढं वेळ फार कमी मिळतो, म्हणून काय बघायचं ते आजीला आधीच सांगून ठेवा. मूर्ती उभी आहे, चार हातांची. हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र. मस्तकावर नाग आणि लिंग, मागं सिंह. साडी-दागिन्यांमुळं यातलं सगळं दिसत नाही, पण माहीत असलं की नजर बरोबर जागी जाते. बाहेर आल्यावर दोन्ही बाजूंच्या महाकाली आणि महासरस्वतीचं दर्शन घ्या. मग प्रदक्षिणा. बाहेरच्या भिंतीवर वाद्यं वाजवणाऱ्या आणि नाचणाऱ्या स्त्रियांची शिल्पं आहेत. आजीचा हात धरून हळूहळू चाललं तर ती सगळी दिसतात, घाईत एकही दिसत नाही.

ओटीचा विषय नाजूक आहे. खण, नारळ, हळद-कुंकू, तांदूळ असं ताट महाद्वार रोडवर किंवा देवळाच्या बाहेर मिळतं. आजोबा गेलेले असतील तर आजी बरेचदा मागं सरते आणि "सुनेनं भरावी, मी आपली हात जोडते" म्हणते. तेव्हा तिला एकदा, फक्त एकदाच, प्रेमानं सांगा की ताट तुझ्याच हातात राहू दे. याच जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामपंचायतीत केला आणि त्याची दखल साऱ्या राज्यानं घेतली. हे तिला ठाऊक असेल किंवा नसेल, सांगायला हरकत नाही. त्यानंतरही ती नको म्हणाली तर नको. पण विचारलं होतं, हे तिच्या लक्षात राहतं.

किरणोत्सवाच्या दिवसांत आजी आली असेल तर गोष्ट वेगळी. 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी, तसंच 9, 10 आणि 11 नोव्हेंबरला मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात. आधी देवीच्या चरणांवर, मग वर छातीपर्यंत आणि मग मुखावर. ढग असले किंवा हवेत धूळ-बाष्प जास्त असलं तर किरणं पोचत नाहीत. त्यावेळी आत प्रचंड दाटी असते. बाहेर पडद्यावर दाखवतात, आजीला तिथंच खुर्चीवर बसवून दाखवा. किरण चढत जातं तसा लोकांचा आवाज वाढत जातो, तो बाहेरही ऐकू येतो.

दर्शन झालं की घरी. "आता इथवर आलोच आहोत तर" म्हणून पॅलेस, टाऊन हॉल जोडू नका. फार तर बाहेर गरम दूध किंवा चहा घ्या.

देवळाच्या आसपासचं, दुसऱ्या एखाद्या सकाळी

भवानी मंडप, बिनखांबी गणेश मंदिर, गुजरी आणि कपिलतीर्थ मंडई हे सगळं अंबाबाईच्या हाकेच्या अंतरावर आहे. पण दर्शनाच्या दिवशी नको. एक वेगळी सकाळ याला द्या.

भवानी मंडप म्हणजे छत्रपतींचा जुना राजवाडा. आत तुळजाभवानीचं देऊळ आहे. सावली आहे, बसायला जागा आहे, पोरांना बघायला पेंढा भरलेले प्राणी आहेत. कपिलतीर्थ मंडईत आजीला मोकळं सोडा. भाजी स्वस्त की महाग, गवारी कोवळी की जून, यावर ती भाजीवालीशी जे बोलेल ते मध्ये न पडता ऐका. घरी आणलेल्या त्या भाजीला नंतर वेगळीच किंमत येते.

गुजरीत सराफांची दुकानं आहेत. खरेदी करायची नसली तरी कोल्हापुरी साज हातात घेऊन बघायला मिळतो का विचारा. पारंपरिक साजात 21 पानं असतात. विष्णूचे दहा अवतार, आठ अष्टमंगल, माणिक आणि पाचू असे दोन खडे आणि एक डोरलं किंवा ताईत. आजीला त्यातलं मासा, कासव, चंद्र, बेलपान ओळखता येतं. नातीला शेजारी बसवा आणि एकेक पान ओळखायला लावा.

न्यू पॅलेसची संग्रहालयाची इमारत 1877 ते 1884 या काळात बांधली. वास्तुरचना मेजर चार्ल्स मांट यांची. काळा घडीव दगड, घड्याळाचा मनोरा, दरबार हॉलच्या रंगीत काचा हे बघण्यासारखं आहे. आतून मात्र चालणं आणि उभं राहणं बरंच होतं आणि शस्त्रांच्या दालनात आज्यांचं मन फारसं रमत नाही. वेळ कमी असेल तर हे गाळा. आवारातली हरणं बघून परतलात तरी चालेल. जाण्याआधी सुट्टीचा वार विचारून घ्या.

जोतिबा आणि पन्हाळा

सगळे हे दोन्ही एकाच दिवसात करतात. दोन्हीकडं शहरापासून साधारण 20 किलोमीटर, आणि एकमेकांपासूनही जवळ, त्यामुळं हिशेब बरोबर वाटतो. गुडघे चांगले असतील तर करा. नसतील तर जोतिबा एका सकाळी आणि पन्हाळा एका दुपारी असं तोडा.

जोतिबाला रविवार देवाचा वार, म्हणून गर्दी. दुसऱ्या वारी जा. गाडी लागते ती वर, आणि देऊळ खाली. म्हणजे जाताना पायऱ्या उतरायच्या आणि दमल्यावर चढायच्या. उतरतानाच आजी म्हणते, "काही नाही, जमतंय," तेव्हा परतीचा चढ तुम्ही लक्षात ठेवा. दोन्ही बाजूंना दुकानं आहेत, दुकानदाराला विचारलं तर स्टूल पुढं करतात. दर पंचवीस-तीस पायऱ्यांना टेकू द्या. गुलालाची तयारी ठेवा. इथं तो हवेतच असतो, पांढरी साडी नेसू नये. दम्याचा त्रास असेल तर तोंडाला पदर किंवा मास्क लावा. "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" हे आजीनं म्हटलं की नातवंडांनीही मोठ्यानं म्हणायचं, लाजायचं नाही.

पन्हाळा हा आजीला दाखवता येण्याजोगा किल्ला आहे, कारण गाडी थेट आत जाते. तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंबरखाना अशा मुख्य जागांच्या जवळ उतरता येतं. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे जे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले त्यांत पन्हाळा आहे. सगळं बघायचा हट्ट धरू नका. अंबरखान्यात धान्याची गंगा, यमुना आणि सरस्वती अशी तीन कोठारं आहेत. कणगी-पेवाच्या काळातल्या बाईला एवढं धान्य कसं साठवत असतील हा प्रश्न खरोखर पडतो, आणि ती भिंतीची जाडी हातानं चाचपून बघते. तीन दरवाज्याजवळची अंधारबाव वरूनच दाखवा. आत उतरायच्या पायऱ्या अंधाऱ्या आणि उंच आहेत, तिथं नातवंडांना पाठवा.

1660 च्या सिद्दी जौहरच्या वेढ्याची गोष्ट बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी सांगा. महाराज पावसाळी रात्री विशाळगडाकडं निघाले, शिवा काशीद महाराजांचा वेष घेऊन पालखीत बसले, आणि घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले. खरं तर ही गोष्ट आजीनंच नातवंडांना सांगावी. तिला ती तुमच्यापेक्षा जास्त चांगली येते. कवी मोरोपंत इथलेच, जन्म 1729. आजी जुन्या शाळेतली असेल तर एखादी आर्या तिच्या तोंडून निघेल.

जेवायला झुणका-भाकरी, ठेचा आणि मडक्यातलं दही. भाकरी गरम आणि पातळ मिळते, दात नसले तरी कडा सोडून दह्यात कुस्करून खाता येते. संध्याकाळी वर वारा फार सुटतो. कान झाकायला स्कार्फ हवाच.

कणेरी मठ

मला विचाराल तर आजीसाठी कोल्हापुरातलं सगळ्यात चांगलं ठिकाण अंबाबाईनंतर हेच. शहराच्या दक्षिणेला, महामार्गावरून आत वळायचं, अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. सिद्धगिरी मठाच्या आवारात जुन्या खेड्याचं संग्रहालय उभं केलंय. माणसाएवढे सिमेंटचे पुतळे, खरी वाटणारी घरं, गोठे, विहिरी, बारा बलुतेदार आणि अठरा अलुतेदारांची कामं. सुतार, लोहार, कुंभार, परीट, गुरव, जोशी, सगळे आपापल्या कामात.

बाकी ठिकाणी आपण आजीला माहिती देतो. इथं ती देते. आमच्या आजीला इथं आणलं तेव्हा ती जात्यावर दळणाऱ्या दोन बायकांपाशी थांबली. नातीला जवळ ओढून तिनं खुंट्यावरचे हात दाखवले. दोघी असल्या की एकीनं ओढायचं, दुसरीनं लोटायचं, आणि वैरण, म्हणजे मूठभर दाणे, घालायला एकीचा हात मोकळा ठेवायचा. मग जात्याचा दगड गुळगुळीत झाला की टाकी लावणारे दारावर कसे यायचे, त्यांना पैसे नाही तर पसाभर जोंधळे कसे द्यायचे, हे सांगत राहिली. तोवर मागची माणसं पुढं निघून गेली होती, आणि एक अनोळखी पोरगा आईचा हात सोडून आमच्यात येऊन ऐकत उभा होता.

म्हणून इथं पूर्ण सकाळ द्या. उन्हाआधी, उघडल्या उघडल्या आत शिरा. चालणं बरंच आहे आणि वाट एकाच दिशेनं पुढं जाते, मध्येच परत फिरणं सोपं नाही. व्हीलचेअरची सोय तिकिटाच्या खिडकीवर विचारा. सुरुवातीला ऋषिमुनींच्या गुहेचा भाग आहे. तिथं उजेड कमी, जमीन थोडी उंचसखल, हात धरा. नंतर गावाचा भाग सुरू होतो. फोनमध्ये आवाज रेकॉर्ड करायचं सुरू करून फोन खिशात टाका. समोर कॅमेरा धरला की आज्या बोलायच्या थांबतात.

नरसोबाची वाडी आणि खिद्रापूर

हा लांबचा दिवस. वाडी शहरापासून साधारण 45 ते 50 किलोमीटर, खिद्रापूर त्याच्याही पुढं. मध्ये एक दिवस विश्रांतीचा ठेवा.

वाडीला कृष्णा आणि पंचगंगेचा संगम आहे. नृसिंह सरस्वतींचा इथं बारा वर्षं मुक्काम होता, आणि पूजा होते ती मूर्तीची नाही, पादुकांची. देऊळ नदीकाठी असल्यानं खाली उतरावं लागतं. घाटाच्या पायऱ्या ओल्या असतात. आजीला पाण्यात पाय बुडवायचे असतील तर दोघांनी दोन बाजूंनी धरायचं, आणि शेवटच्या ओल्या पायरीवर उभं करायचं नाही. येताना कंदी पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी घ्या. साखरेचं दुखणं असेल तर बर्फीचा एक छोटा तुकडा पुरे, पण तो द्या.

खिद्रापूरचं कोपेश्वराचं, म्हणजे शंकराचं, मंदिर शिलाहार राजांच्या काळातलं. पुढचा स्वर्गमंडप वरून गोल उघडा आहे, 48 खांब, आणि खाली बरोबर तेवढ्याच गोलाची एक मोठी शिळा. तिथं उभं राहिलं की डोक्यावर आकाश. देवळाच्या पायथ्याशी हत्तींची रांग कोरलेली आहे. समोर नंदी नाही, आणि आजीच्या हे पहिल्या मिनिटात लक्षात येतं. इथं गर्दी नसते, दगड गार असतो. जमत असेल तर वाडीनंतर दुपारी जा आणि आजीला मंडपाच्या कडेला पाठ टेकून बसू द्या. थकली असेल तर वाडीवरूनच परत फिरा.

खाण्याचं

कोल्हापूर म्हणजे तिखट, हे आजीला कुणीतरी आधीच सांगून घाबरवलेलं असतं. मिसळ मागवताना कट, म्हणजे तिखट रस्सा, वेगळा मागा, आणि तिच्या वाटीत आधी मटकी, फरसाण, कांदा, लिंबू, मग चमचाभरच कट. पावाऐवजी इथं ब्रेडच्या स्लाइस येतात, त्या मऊ असतात. आजी मटण खाणारी असेल तर पांढरा रस्सा आधी द्या. नारळाचं दूध, खसखस, तीळ यांमुळं तो पोटाला सोसतो. शाकाहारी असेल तर अख्खा मसूर आणि भाकरी.

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी समोर उभ्या करून धार काढतात आणि तिथंच फेसाळ दूध प्यायला देतात. बघायला जरूर न्या. वय झालेल्या पोटाला कच्चं दूध मात्र नको, घरी आणून तापवून द्या.

जाण्याआधीची खरेदी

जायच्या दोन दिवस आधी हे उरका, आदल्या दिवशी नको.

कोल्हापुरी चप्पल आजीला हवी असेल तर तिला स्वतःला दुकानात न्या, माप सांगून आणू नका. सुजलेल्या पायाला संध्याकाळी जास्त माप लागतं, म्हणून संध्याकाळीच जा. अंगठा सैल हवा, टाच फार कडक नको. घरी आणल्यावर तेल लावून रात्रभर ठेवा. नवी चप्पल घालून देवळाच्या किंवा स्टेशनच्या पायऱ्या चढू देऊ नका, तळ गुळगुळीत असतो.

गुळासाठी हंगाम असेल तर गुऱ्हाळावरच जा. दसऱ्यानंतर करवीर, पन्हाळा, कागल भागात रस्त्याच्या कडेला धूर दिसला की ते गुऱ्हाळ. काहिलीत रस उकळतो, भेंडीच्या रसानं मळी वर येते, ती काढतात, आणि गुळव्या पाकाचा एक थेंब पाण्यात टाकून बोटांत घोळवून बघतो. तेवढ्यावर तो काहील उतरवायची की नाही ते ठरवतो. आजीला जवळ नेऊ नका, वाफ आणि धग फार असते, चार पावलं लांब खाटेवर बसवा. गरम काकवी मागितली तर वाटीभर देतात. गूळ घेताना फार पिवळाधमक नको. थोडा गडद रंगाचा घ्या. मोठा रवा, म्हणजे गुळाची मोठी ढेप, घेण्यापेक्षा अर्ध्या आणि एक किलोच्या भेली घ्या. आजी त्या गावी जाऊन शेजारीपाजारी वाटणार आहे, आणि मोठा रवा फोडायचं काम तिच्याच गळ्यात पडेल.

कांदा-लसूण चटणी नेणार असेल तर डबा दोन पिशव्यांत बांधा आणि कपड्यांपासून लांब ठेवा. देवळातला प्रसाद, कुंकू आणि आधार कार्ड तिच्या हातातल्या पिशवीत. गूळ आणि चप्पल मोठ्या बॅगेत तळाशी. बॅग उचलून बघा. आजीला स्वतःला ती बर्थखालून ओढता आली पाहिजे. येत नसेल तर दोन भेली काढून ठेवा आणि मागाहून येणाऱ्या कुणाच्या तरी हातानं पाठवा.